मदत हवी आहे: चिकट झालेल्या व्हायनिलमेशन फिगर्स आणि सॉर्सरर्सच्या कार्डांचं काय करू?

रिकामटेकडी:

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे डिस्नेच्या वाऱ्या करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझी बहीण ऑरलँडोजवळ राहते. भाची शाळेत असताना त्यांच्याकडे डिस्ने वर्ल्डचा वार्षिक पास होता. आता भाची नोकरीला लागून दुसऱ्या राज्यात गेली, बहिणीने घर आवरायला काढलं आणि गराजमधली दोन मोठी खोकी माझ्या गळ्यात पडली. भाचीचा निरोप एवढाच: "मावशी, बाकीच्याचं तुला वाटेल ते कर. पार्क सीरिज मात्र विकू नकोस. पहिल्या सेटमधल्या दोन कमी आहेत, कुठे ट्रेडमध्ये मिळाल्या तर बघ."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हायनिलमेशन म्हणजे डिस्नेने २००८ साली काढलेल्या व्हायनिलच्या फिगर्स. साचा बहुतेकांचा एकच, मिकीचा. दोन गोल कान, सुटलेलं पोट, जाड पाय. बदलतं ते फक्त वरचं रंगकाम. कुणावर मोनोरेल रंगवलेली, कुणावर हाँटेड मॅन्शन (अशा पार्कमधल्या गोष्टींवरच्या फिगर्स म्हणजे पार्क सीरिज), कुणी थेट मपेट, म्हणजे त्या टीव्हीवरच्या बाहुल्यांपैकी एखादा झालेला. बहुतेक तीन इंची, काही नऊ इंची. डबा बंद, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या खोक्यात एक जाडजूड बाइंडर आहे, मॅजिक किंगडममधल्या 'सॉर्सरर्स ऑफ द मॅजिक किंगडम' या खेळाच्या कार्डांचा. हा खेळ २०१२ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद पडला. तिकिटावर दिवसाला पाच कार्डं फुकट मिळायची. मेन स्ट्रीटवरच्या फायर स्टेशनमधून ती घ्यायची आणि बागेत ठिकठिकाणी लपवलेल्या पडद्यांसमोर धरायची, की मर्लिनच्या बाजूने तुमचा मंत्र चालायचा. त्या नादात पोरीने चांगल्या चांगल्या राइड्स सोडल्या, असं बहीण अजून चिडून सांगते.

आता अडचण. बऱ्याच फिगर्स हाताला चिकट लागताहेत. तेलाचा हात लागल्यासारखा थर आहे आणि त्यावर धूळ बसलीय. एका पांढऱ्या फिगरच्या गालावर शेजारच्या काळ्या कानाचा ठसा उमटलाय. हे स्वच्छ कसं करायचं? काही डबे अजून फोडलेलेच नाहीत, ते फोडावेत की तसेच ठेवावेत? फिगर्सच्या खोक्यात तळाशी सुटी छोटी कार्डंही आहेत, ती कसली? आणि बाइंडरमधल्या कार्डांना काही किंमत असते का?

लिंबूटिंबू:

प्लास्टिकच्या बाहुल्यांना मोठी माणसं पैसे देतात? धन्य! (वाचतोय. आमच्याकडेही असलं एक खोकं आहे, बायकोला विचारायची हिंमत नाही.)

खोडरबर:

ताई, आधी एक गोष्ट. घरात नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट असेल तर ते या खोक्यांपासून लांब ठेवा. चिकटपणा दिसला की लोकांचा हात पहिला तिकडेच जातो. चिकटपणा निघतो, बरोबर रंगही निघतो, आणि या फिगर्समध्ये रंगाखेरीज वेगळं असं काहीच नाही.

तो थर तेलाचा किंवा मळाचा नाही, तो आतून आलाय. व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. हे द्रव्य प्लास्टिकशी घट्ट बांधलेलं नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. उष्णता असेल तर भराभर येतं. फ्लोरिडातलं गराज आणि वर बंद खोकं, म्हणजे विचारायलाच नको. उघड्यावर असत्या तर थोडंफार हवेत उडून गेलं असतं, बंद खोक्यात ते तिथेच साचलं.

उपाय साधा आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका, मऊ सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि फिगर पुसा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा. कानाच्या आणि मानेच्या खाचेत लहान मुलांचा मऊ टूथब्रश चालतो, जोर न लावता. पाण्यात मात्र बुडवू नका. आतून त्या पोकळ असतात, मान आणि हात फिरते असतात, सांध्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला तयार होत नाही. पुसून झाल्यावर सावलीत, पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर नको.

टाल्कम पावडर चोळायचा सल्ला कुणीतरी देईलच. पावडरीने हाताला चिकट लागत नाही इतकंच, थर तसाच राहतो, वर पावडरीचा लगदा खाचांत बसतो. मला तो प्रकार मुळीच पटत नाही.

हे काम पुन्हा करावं लागेल हेही लक्षात ठेवा. आतलं द्रव्य संपलेलं नाही. पण थंड, हवेशीर, उन्हापासून लांब अशा जागी ठेवल्यात तर दोन सफायांमधलं अंतर बरंच वाढतं. फिगर्स एकमेकींना टेकू देऊ नका. काचेच्या कपाटात ठेवत असाल तर दार अधूनमधून उघडा. स्वस्तातले पारदर्शक डबे बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचे असतात आणि हेच द्रव्य त्यांनाही खातं. पाय डब्याला चिकटून बसतात आणि उचलताना ठसा राहतो. पायाखाली पॉलिएथिलीनचा तुकडा कापून ठेवला की काम भागतं.

रिकामटेकडी:

बापरे, एवढं सविस्तर! खूप आभार. आत्ताच एक पुसून पाहिली, फडकं पिवळट झालं आणि फिगर खरंच कोरडी लागतेय. पण गालावरचा काळा ठसा तसाच आहे. तो जादूचा पांढरा स्पंज मिळतो ना भिंती पुसायचा, तो वापरू?

खोडरबर:

नको नको. तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच. डाग जाईल, पण तेवढ्या भागाची चकाकी जाईल आणि उजेडात तिरकं धरलं की गालावर ढब्बा दिसेल. असा ठसा बऱ्याचदा वरवरचा नसतोच, एकीतलं द्रव्य रंग घेऊन दुसरीत मुरलेलं असतं. साबणाच्या पाण्याने जेवढा फिका होईल तेवढा करा आणि सोडून द्या. ट्रेडला काढलीत तर ठशाचा फोटो आधीच दाखवा, एवढंच.

टाचणी:

मी मूळची डिस्नेच्या पिनांच्या (कपड्याला लावायच्या बिल्ल्यांच्या) अदलाबदलीवाली, १९९९ मध्ये पार्कमध्ये ते सुरू झालं तेव्हापासूनची, पण व्हायनिलमेशनमध्येही हात बुडवून झालेत. तळाशी सुटी पडलेली छोटी कार्डं अजिबात फेकू नका! ती त्या डब्यांतलीच आहेत. बंद डब्यात फिगर फॉइलच्या पिशवीत यायची आणि सोबत तिचं चित्र असलेलं कार्ड. ट्रेड करणारे विचारतात ते हेच: "डबा आहे? फॉइल आहे? कार्ड आहे?" तिन्ही असतील तर तीच फिगर जास्त मोलाची. एका संध्याकाळी बसा आणि चित्र बघून जोड्या लावा. कार्ड फिगरला टेकवून ठेवू नका, नाहीतर त्यालाही चिकटपणा लागेल.

आता न फोडलेले डबे. माझं मत सरळ आहे, फोडा. कुठल्या सीरिजचा डबा आहे ते वर छापलेलं असतंच. पार्कच्या पहिल्या सीरिजचा एखादा निघाला तर तुमच्या भाचीची कमी असलेली फिगर त्यातच असू शकते. आणि आत फॉइलमध्ये कोंडलेली फिगर चिकट होत नाही असं थोडंच आहे?

खोडरबर:

इथे माझं जमत नाही. बंद डब्याची किंमतच मुळी आत काय आहे ते माहीत नसण्याची आहे. फोडला आणि सर्रास मिळणारी निघाली, की संपलं.

टाचणी:

अहो, सुट्या बंद डब्यांवर विश्वास ठेवतं कोण? लोक दुकानात उभं राहून डबे हलवून, तोलून बघायचे. चेसर असेल असं वाटलेले डबे घरी गेले आणि उरलेले फळीवर राहिले. साधारणपणे चोवीस डब्यांच्या पूर्ण ट्रेमध्ये एक चेसर यायचा. तेव्हा सीलबंद पूर्ण ट्रे असेल तर माझीही ना नाही, हात लावू नका. सुटे डबे ठेवून कसली वाट बघायची?

खोडरबर:

ट्रेबद्दल मान्य. सुट्यांबद्दल... बरं, पार्क सीरिजचे असतील तर फोडा, बाकीचे राहू द्यात. एवढ्यावर तडजोड.

लिंबूटिंबू:

चेसर म्हणजे काय, कोणी सांगेल का या अडाण्याला?

टाचणी:

सेटमधली एक फिगर गुप्त असते. डब्यावर इतरांची चित्रं, तिच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा सावली. ती मुद्दाम कमी काढतात, म्हणून तिच्या मागे सगळे धावतात, ती चेसर. ट्रेडमध्ये चेसरच्या बदल्यात चेसर, किंवा मग चार-पाच साध्या एकदम. पार्कमधल्या काही दुकानांत पूर्वी पेटीत ठेवलेल्या फिगर्सशी अदलाबदल करता यायची, तिथे असला हिशोब नव्हता. एक द्या, एक घ्या. त्यात लोक घरातली नकोशी फिगर आणून चांगली उचलायचे. मी कोणाला नावं ठेवत नाही, मीही तेच केलंय.

कार्डांकडे वळते. ताई, बाइंडरचं पान नाकाशी धरून बघा. नव्या शॉवर कर्टनचा असतो तसला वास येतो का?

रिकामटेकडी:

येतो! आणि काही कार्डं खिशाला चिकटली आहेत, ओढली तर चर्र आवाज येतो.

टाचणी:

मग ओढू नका. ती पानं पीव्हीसीची आहेत, म्हणजे फिगर्सची कथा पुन्हा. कार्डाची शाई प्लास्टिकवर उतरते. खिसा कात्रीने बाजूने कापा आणि प्लास्टिक कार्डावरून सोलून काढा, कार्ड सपाट ठेवून. कार्ड वाकवायचं नाही, वाकवायचं ते प्लास्टिक. नवीन पानं पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पाकिटावर 'ॲसिड-फ्री, पीव्हीसी नाही' असं लिहिलेलं असतं. बाइंडर गोल कड्यांचा असेल तर तोही बदला. बंद केल्यावर आतल्या रांगेतली कार्डं कड्यांवर चढतात आणि त्यांना अर्धगोल खळगा पडतो. डी आकाराच्या कड्यांत पानं सपाट बसतात.

मग लावायला घ्या. मुख्य सेट सत्तर कार्डांचा, आकडा कार्डावरच आहे. एक ते सत्तर रांगेत लावली की काय कमी आहे आणि काय दुप्पट आहे ते आपोआप दिसेल. कार्डांवर ग्रह, चंद्रकोर, तारा, वीज अशी बारीक चिन्हं असतात, विजेची सगळ्यांत दुर्मिळ, ती बाजूला काढा. आणि सत्तरच्या क्रमात न बसणारं काही सापडलं तर ते आधी स्लीव्हमध्ये (कार्डाच्या मापाच्या पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) घाला. हॅलोविन आणि ख्रिसमसच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्यांना खास कार्डं द्यायचे, ती तेवढ्याच रात्री मिळायची.

किमतीचं विचाराल तर, फुकट वाटलेली साधी कार्डं लोकांकडे ढिगाने आहेत, त्यांच्यावर मदार ठेवू नका. ती पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून द्यावीत. मोल आहे ते पार्टीच्या कार्डांना आणि पूर्ण सेटला. खेळ बंद झाल्यापासून नवीन कार्डं यायची थांबली आहेत, आता जे आहे ते आपापसातच फिरणार. विकायला बसण्याआधी ईबेवर 'विकलेल्या वस्तू' असा फिल्टर लावून बघा. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहितं.

पाणबुडी:

उशिरा आलो. ट्रेडचा व्यवहार पोस्टाने होणार असेल तर दोन शब्द. अमेरिकन पोस्टाचं मीडिया मेल (पुस्तकं वगैरे पाठवायची सेवा) स्वस्त दिसतं म्हणून त्याने पाठवू नका, संग्रहाची कार्डं त्यात बसत नाहीत आणि पार्सल उघडून तपासायचा पोस्टाला अधिकार असतो. पोस्टाच्याच ग्राउंड ॲडव्हांटेज या पार्सल सेवेने पाठवा, ट्रॅकिंग आणि शंभर डॉलरपर्यंतचा विमा त्यातच येतो. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. टॉपलोडरच्या तोंडाला रंगकामाची निळी टेप लावा आणि टेपचं टोक दुमडून ठेवा, समोरच्याला नखाने खरवडत बसावं लागत नाही. फिगर डब्यासकट असेल तर डबा मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी भर घालून. बबल रॅप थेट रंगवलेल्या व्हायनिलवर नको, उन्हाळ्यात फुग्यांचे गोल ठसे उमटतात. मध्ये टिश्यू पेपर.

पैसे घेणार-देणार असाल तर पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे नाही म्हणा. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. आणि नुसता ट्रेड असेल तर ज्याचे जुने व्यवहार कमी, त्याने आधी पाठवायचं, हा सर्वसाधारण रिवाज आहे.

रिकामटेकडी:

म्हणजे मीच आधी पाठवणार, माझा तर एकही व्यवहार नाही.

आत्तापर्यंतची हकीकत: पार्क सीरिजचे सुटे डबे भाचीला व्हिडिओ कॉलवर घेऊन फोडले. कमी असलेल्यांपैकी एकही निघाली नाही, आधीच असलेल्या दोन पुन्हा निघाल्या. ती ओरडली, मग हसत सुटली. खोक्याच्या तळाशी एक कोरी पांढरी फिगरही सापडली, स्वतः रंगवायची असते ती. ती म्हणाली, "मावशी, ती तुला." रंग कुठला चालतो?

खोडरबर:

ॲक्रिलिक. आधी साबणाने पुसून पूर्ण वाळवा, पातळ हात द्या, एकावर एक. स्प्रे पेंट शक्यतो टाळा, बरेचसे व्हायनिलवर कधी नीट वाळतच नाहीत, चिकटच राहतात. तुम्हाला आता चिकटचा कंटाळा आलाच असेल.

पाणबुडी:

ताई, भाचीला कुठल्या दोन हव्यात ते लिहा ना. माझ्याकडे पहिल्या पार्क सीरिजच्या काही जास्तीच्या आहेत, डब्यासकट, फॉइल मात्र नाही.

रिकामटेकडी:

अरे वा! नावं आणि फोटो आज रात्री व्यनि करते. बदल्यात माझ्याकडे या दोन डबल आहेत आणि मपेट्सच्या पाच-सहा, सगळ्या कार्डासकट, पुसून कोरड्या केलेल्या. एकीच्या गालावर ठसा आहे, तिचा फोटो वेगळा पाठवते. चालेल का?