उकडलेल्या शेंगा : तुम्ही मीठ कधी घालता?

मंडईत ओल्या शेंगांचे ढीग लागलेत. उकडल्या की टरफल खारट आणि दाणा आळणी, हे बऱ्याच घरांत होतं. मीठ किती, कधी, शिट्ट्या किती? आपापले अनुभव लिहा.

रानवाट : आमच्याकडं (सातारा) एक किलो शेंगांना दोन लिटर पाणी आणि अर्धी वाटी खडे मीठ, तेही सुरुवातीलाच. आधी माती जाईस्तोवर शेंगा चोळून धुवायच्या. शेंगा तरंगतात, वरच्या कोरड्या राहतात, म्हणून त्यांवर ताटली पालथी घालायची. कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. खरी गंमत यापुढं आहे. दोन तास कुकरला हात लावायचा नाही. शेंग निवते तशी आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढलं जातं. गरमागरम निथळलीत तर दाणा आळणीच राहणार.

उतावीळ : दोन तास कोण थांबतंय! मी प्रत्येक शेंगेचं टोक चिमटीत दाबून चीर पाडते. अर्ध्या तासात काम होतं. एक किलोला बोटं दुखतात, ते सोडा.

पीचट्री : अटलांटाहून लिहितोय. इथे हायवेच्या कडेला मोठ्या पातेल्यातल्या उकडलेल्या शेंगा विकतात. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने तर २००६ साली त्यांना राज्याचा अधिकृत स्नॅक ठरवलं. ही मंडळी कित्येक तास उकळतात, दाणा राजम्यासारखा मऊ होतो. टरफलातलं खारं पाणी आधी चोखायचं, मग दाणा. बायकोला हा गिचका वाटतो, मला आवडतो. ओल्या मिळत नाहीत तेव्हा वाळक्या शेंगा रात्रभर भिजवतो आणि दुप्पट शिट्ट्या काढतो. चव येते, पण तो ओला गोडवा नाही.

बसवनगुडी : बंगळुरात कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकायी परिशे. भाजक्या, कच्च्या, उकडलेल्या, सगळ्या. आलात तर सकाळी लवकर या, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

उतावीळ : उरलेल्या फ्रिजमध्ये किती टिकतात?

रानवाट : निथळून ठेवल्या तर दोन-तीन दिवस. बुळबुळीत लागल्या की टाकून द्या, पुन्हा उकळत बसू नका.

पाट-पाणी : आणि ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो त्याचं काय?

रानवाट : पिळलेल्या लिंबाची साल शेंगांबरोबरच टाका.