जुना बंब: रंगवून ठेवायचा, चालता करायचा की भंगारात द्यायचा?

लाल_गाडी
नागपुरातले आमचे काही फायरमन ड्यूटी सुटली की एका जुन्या बंबावर काम करतात. निर्लेखन होऊन, म्हणजे कागदोपत्री बाद होऊन, तो कित्येक उन्हाळे शेडमागे उभा होता. पितळी घंटा, लाकडी शिडी, मागे पंप. बरेच जण म्हणतात, लाल रंग मारा, घंटा घासा आणि गेटजवळ ठेवून द्या. माझं मत ठाम आहे: पंपातून पाणी निघणार नसेल तर या मेहनतीला अर्थ नाही.

बंबावर असतो तो सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे चाक गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणारा; त्याला स्वतःहून हवा खेचता येत नाही. विहिरीतलं पाणी उचलायचं तर आधी सक्शन होजमधली, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपातली हवा काढावी लागते, म्हणजेच प्रायमिंग. नव्या गाड्यांत ते बरंचसं आपोआप होतं. जुन्या बंबावर लिव्हर हाताने धरायचा, व्हॅक्यूम गेजच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा टिकला नाही तर कपलिंगचा वॉशर बघायचा, गाळणी पाण्याखाली आहे का ते बघायचं. पंप कितीही भारी असो, सात-आठ मीटरपेक्षा खोलचं पाणी तो उचलत नाही, कारण होजमध्ये पाणी वर चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने. हे वाचून पाठ होतं, पण हाताला कळतं ते अशा गाडीवरच. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. या गावात एक तरी चालता जुना बंब हवा.

कॉटनमार्केटवाला
भाऊ, मले नाही पटत. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते, कॉलवर कॉल येतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं झोपाचं का पाना धराचा? माहा भाऊ याच नोकरीत आहे, त्याचे डोळे मी रोज पाहून राह्यलो. स्वखुशी म्हणता, पण साहेब हौशी असला की 'नाही' म्हणाची सोय राहत नाही. वर्गणी जमवताच आहा, तर बूट-हातमोजे घ्या.

लाल_गाडी
सक्ती होत असेल तर काम त्याच दिवशी बंद करा, मी तुमच्या बाजूने बोलेन. बूट-हातमोज्यांचं मात्र ऐकणार नाही. ते देणं खात्याचं काम आहे, आपण वर्गणी काढून ती जबाबदारी झाकायची नाही.

मोतीबाग_प्रेमी
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. चालता करायचा म्हटलं की पाइप बदलणार, शाफ्ट बदलणार, पत्रा ठोकणार. मग मूळ गाडी किती उरली? आणि मूळ रंग एकदा घासला की गेला, तो परत येत नाही. मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय २००२ साली सुरू झालं. तिथली इंजिनं उभी आहेत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. गंज थांबवा, छप्पर द्या, प्रत्येक भागाचे फोटो काढून नोंद ठेवा. बस्स.

लेथ_सक्करदरा
तुम्ही दोघं भांडा, पण आधी हे वाचा. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये, पंपाच्या ग्लँड पॅकिंगमध्ये (शाफ्टभोवती गळती थांबवायला भरतात ते), सायलेंसरवरच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या लाल रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिशपेपर अजिबात मारू नका, फुंकर मारून धूळ उडवू नका. मास्क लावून ओलंच काम करा, तिथले कपडे घरी नेऊ नका, पोरंबाळं असतात. शाफ्टची स्लीव्ह, म्हणजे त्यावरची नळी, लेथवर होते, गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) भाग ओतून मिळतो. नव्या भागावर साल कोरा आणि जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवा.

कॉटनमार्केटवाला
रस्त्यावर कसा आणसान? १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून भेटत नाही. २०२१चे व्हिंटेज, म्हंजे जुन्यापुराण्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम दुचाकी अन् खासगी मोटारींसाठी आहेत, बंब त्यात बसत नाही.

लाल_गाडी
रस्त्यावर न्यायचाच नाही. आवारातल्या टाकीत सक्शन सोडायचं, १४ एप्रिलला. १९४४ मध्ये त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं, अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. दरवर्षी आपण त्यांना हार घालतो. त्यांचं काम काय होतं, ते नव्या पोरांनी पाणी काढून बघावं.

मोतीबाग_प्रेमी
वर्षातून एकदा, कमी दाबावर, टाकीपुरता, हे लेखी द्या. मग पंपाबद्दल मी बोलणार नाही. शिडीला आणि रंगाला मात्र हात लावू देणार नाही.