विक्षोभ वाढून संक्षुब्ध? मराठीत नीट सांगायचं कसं?

पूर्वभागकर :
२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, इथं सोलापुरात मराठीतून बोलायचंय. आवाजाच्या पाच-सहा पट वेगानं जाणाऱ्या यानाच्या अंगालगत हवेचा पातळ थर असतो. त्यातली बारीक गडबड वाढत कशी जाते, हा विषय. थर शांत असेपर्यंत कवच कमी तापतं, एकदा विस्कटला की उष्णता कित्येक पट. डिस्टर्बन्सला विक्षोभ आणि टर्ब्युलंटला संक्षुब्ध घेतलं, तर मुख्य वाक्य झालं, 'विक्षोभ वाढत गेले की प्रवाह संक्षुब्ध होतो.' शेजारच्या काकांना ऐकवलं. म्हणाले, "म्हणजे राग वाढला की माणूस रागावतो. यात विज्ञान कुठाय?" दुसरा शब्द सुचवा.

कोशकीटक :
राग हा नंतर चिकटलेला अर्थ. क्षुभ् म्हणजे हलणं, ढवळलं जाणं. पाणिनीनं (७.२.१८) 'क्षुब्ध' हे रूप मन्थ या अर्थी मुद्दाम सांगितलंय. घुसळणीतला शब्द आहे, प्रवाहाला याहून चपखल कुठला मिळणार? रुळलेली परिभाषा काकांसाठी मोडू नका.

शेंगाचटणी :
सर, पाणिनी पहिल्या रांगेत बसणाराय का? पोरांना लोकक्षोभ ठाऊक, प्रक्षोभक भाषण ठाऊक. त्यात ही गडबड सुरुवातीला इतकी बारीक की मोजायची मारामार. तिला क्षोभ कसलं म्हणताय? सरळ 'थरथर' म्हणा की ओ. थरातली थरथर.

पूर्वभागकर :
थरथर जमतंय! माख ४ च्या, म्हणजे आवाजाच्या चौपट वेगाच्या पुढं जिचा जोर असतो ती गडबड लेस्ली मॅक या अमेरिकी संशोधकांनी गणितातून दाखवली. तिला 'दुसरा प्रकार' म्हणतात. तो थरात कोंडलेला ध्वनीच असतो, भिंतीवर आपटून परत फिरणारा. तरंगलांबी थराच्या जाडीच्या साधारण दुप्पट. जाडी १ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला १००० मीटर धरा, कंपनं सेकंदाला ५ लाखांच्या घरात जातात. आपला कान २० हजारांपाशीच थांबतो. आणि पृष्ठभाग गार केला तर ही गडबड आणखी जोरात वाढते.

शेंगाचटणी :
थंडीनं थरथर वाढते! मग अडलंय कुठं? जानेवारीत रात्री सिद्धेश्वराच्या जत्रेतला गड्डा फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

कोशकीटक :
थर हे स्तरचं प्राकृत लेकरू. थरथर अनुकरणवाचक. दोघांची सोयरीक तुम्ही लावलीत, भाषेनं नाही. आणि 'दुसरा' म्हणताय तर पहिल्याचं काय?

पूर्वभागकर :
तीच गोची. पहिला प्रकार म्हणजे टोलमीन (१९२९) आणि श्लिख्टिंग (१९३३) यांनी कमी वेगाच्या प्रवाहासाठी मांडलेल्या लाटांचा वेगवान भाऊबंद. तो गारव्यानं दबतो. त्या मूळ लाटांवरही प्रयोगवाल्यांचा विश्वास नव्हता, कारण वायुबोगद्यातल्या, म्हणजे वारा सोडून प्रयोग करतात त्या बोगद्यातल्या, गोंगाटात त्या दिसतच नव्हत्या. शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड या अमेरिकी संशोधकांनी बोगदा शांत केला, सपाट पाटाजवळ धातूची पातळ फीत ताणली आणि ती चुंबकानं थरथरवली. ठरावीक कंपनं पुढं वाढत गेली, बाकीची विरली. १९४७ साली ते छापून आलं.

शेंगाचटणी :
बघा, तुम्हीच 'थरथरवली' लिहिलं.

नवीपेठ :
मधेच घुसतो. तो थर म्हणजे पुस्तकातला 'सीमास्तर' ना? अक्कलकोटच्या माणसाला सीमा म्हटलं की सीमाप्रश्नच आठवतो. आणि स्तर आता जिल्हास्तर, राज्यस्तर यातच उरलाय. 'काठथर' का नको? काठ साडीला असतो, नदीला असतो.

कोशकीटक :
काठथर! उद्या पदरथर म्हणाल.

माहेर_बार्शी :
दादा, तुमचं घोडं 'वाढणे' या शब्दावर अडायला हवं होतं. वाढ कशी होते ते सांगा. चक्रवाढ व्याजासारखी ना? वाढलेल्यावर पुन्हा वाढ?

पूर्वभागकर :
हो ताई. अभियंते त्यासाठी 'एन' नावाचा आकडा काढतात. शांत हवेत तो ९ च्या आसपास गेला की थर विस्कटेल असा अंदाज, म्हणजे २.७१८ हा आकडा नऊ वेळा गुणायचा, मूळ गडबड सुमारे ८१०० पट. गोंगाटाच्या बोगद्यात ५ च्या आसपासही विस्कटतो, कारण सुरुवातच मोठी. फक्त दर एकच राहत नाही. पुढं थर जाड होतो, त्याला मानवणारा सूर खाली उतरतो आणि काल वाढणारी कंपनं आज विरायला लागतात.

कोशकीटक :
'काल-आज' नव्हे, 'इथं-तिथं'. वाढ अंतरागणिक आहे.

पूर्वभागकर :
बरोबर, पोरांसमोर तसंच म्हणतो.

माहेर_बार्शी :
चक्रवाढ बँकेनं आणली. गावाकडं वाढीदिढी होती. पेरणीला एक पोतं न्यायचं, सुगीला दीड घालायचं. नाही जमलं तर पुढच्या साली त्या दीडाचं दीड. आजोबांचं अर्धं रान त्यातच गेलं.

नवीपेठ :
वाढीदिडी. ड. आमच्या मंगळवेढ्याकडं सवाई होती, ज्वारीला.

कोशकीटक :
ढ च. दीड मुळात दीढ. प्राकृतात दिवड्ढ, त्यातला अड्ढ म्हणजे अर्ध. ध चा ढ झाला, तुम्ही त्याचा ड करून मोकळे. आणि सवाई म्हणजे एकाला सव्वा, तिची दिढीशी गल्लत नको.

नवीपेठ :
मग दीडशे, दीडदमडी लिहिताना तुमचा ढ कुठं जातो मालक? लोक बोलतात तेच खरं.

कोशकीटक :
लोक 'आशिर्वाद' पण लिहितात.

शेंगाचटणी :
शाळेत मास्तर मला ढ म्हणायचे. प्राकृतातून आलोय हे आत्ता कळलं.