प्रत्येक सूज गालगुंडाची नसते
जबड्याखालची सूज म्हणजे गालगुंडच, असे कुणी म्हटले, तर ते मला पटत नाही. गालगुंडात बहुधा कानापुढची ग्रंथी सुजते आणि सूज काही दिवस टिकते, तर इंदूरच्या ऐन मे महिन्यात माझ्या आईच्या जबड्याखाली सकाळच्या पोह्यांचा पहिला घास घेताच गाठ उठे आणि तासाभरात ओसरे. आम्ही गालगुंड समजून तिला आठवडाभर वेगळे ठेवले, याची रुखरुख अजून वाटते. सोनोग्राफीत लाळेच्या नळीत खडा आढळला. असे सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात, कारण तिची लाळ दाट असते व लांब नळीतून वर चढते. भरपूर पाणी, कोमट शेक आणि डॉक्टरांना विचारून चोखलेली लिंबाची फोड यांनी खडा निघाला. ताप किंवा पू असता, तर घरी थांबलो नसतो.