तुरुंगातून निवडून आलेला मॅथ्यू लायन : खरं किती, मीठमसाला किती?

वहीतला_पिंपळ
भाचा व्हर्माँटला असतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, इथला एक खासदार १७९८ साली तुरुंगात असताना निवडून आला, आणि पुढे त्याच्या एका मतावर जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला." पोरगं थापा मारण्यात पटाईत. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण हा मॅथ्यू लायन कधी भेटला नाही. कुणाला माहिती आहे?

उंटावरचा_शहाणा
सर, तुरुंगातून निवडून येणं याचं आपल्याकडे कुणाला नवल वाटतं?

मेपलची_फांदी
भाचा पहिल्या निम्म्यात खरं बोलतोय. लायनने वसवलेलं फेअर हेवन माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि हा माणूस माझा लाडका, तेव्हा लांबण लागणार.

मूळचा आयर्लंडचा. पंधराएक वर्षांचा असताना, १७६४ च्या सुमारास, अमेरिकेत आला. जहाजाचं भाडं फेडायला वेठीची नोकरी करावी लागली, आणि त्याचा करार म्हणे चक्क बैलजोडीच्या बदल्यात दुसऱ्या मालकाकडे गेला. "मला सोडवणाऱ्या बैलांची शपथ!" असं तो पुढे म्हणायचा, असं सांगतात. फेअर हेवनला त्याने लोखंडाची भट्टी, लाकडाची गिरणी, कागदाचा कारखाना काढला. कागद झाडाच्या सालीपासून!

३० जानेवारी १७९८. तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया, तिथल्या काँग्रेसच्या सभागृहात कनेक्टिकटचा खासदार ग्रिसवोल्ड याने त्याला लाकडी तलवारीवरून टोमणा मारला. (लाकडी तलवार म्हणजे भेकडपणाची खूण; स्वातंत्र्ययुद्धात लायनला सैन्यातून बडतर्फ केलं होतं, ती जुनी जखम.) लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. हकालपट्टीच्या बाजूने ५२, विरुद्ध ४४ मतं पडली. दोन तृतीयांश न झाल्याने वाचला. १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्डने त्याला सभागृहातच काठीने बडवलं, तर याने शेकोटीचा लांब चिमटा उचलला. मग दोघे जमिनीवर. आपण उगाच आपल्याच विधानसभांना नावं ठेवतो.

आता तुरुंग. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सला बडेजावाची आणि खुशामतीची हाव आहे, असं पत्र त्याने २० जूनला लिहिलं. सरकारवर टीका करणाऱ्यांना आत टाकणारा राजद्रोहाचा कायदा आला १४ जुलैला. पत्र छापून आलं त्यानंतर, आणि तेवढं पुरलं. चार महिने कैद, हजार डॉलर दंड. व्हर्जेन्सची कोठडी १६ फूट लांब, १२ फूट रुंद, कोपऱ्यात संडास. त्याची दुर्गंधी ऑगस्टमधल्या फिलाडेल्फियाच्या गोदीएवढी, असं त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. इथला हिवाळा मला हीटर लावूनही सोसत नाही, तिथे तर खिडकीला काचसुद्धा नव्हती. तिथूनच डिसेंबरच्या फेरनिवडणुकीत प्रतिस्पर्ध्याच्या जवळपास दुप्पट मतं घेऊन तो निवडून आला.

वहीतला_पिंपळ
ताई, वर्गात हे सांगितलं असतं तर मागच्या बाकावरची पोरंही जागी राहिली असती! आणि त्या एका मताचं काय?

जुनी_गझेट
तिथे मीठमसाला आहे. १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि अ‍ॅरन बर या उमेदवारांची ७३-७३ निर्वाचक मतं अशी बरोबरी झाली, म्हणून निर्णय काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाकडे गेला. तिथे मत माणसाचं नाही, राज्याचं. १६ राज्यं, ९ हवीत, आणि जेफरसन ८ वर अडकलेला. व्हर्माँटचे दोनच प्रतिनिधी, लायन आणि मॉरिस, विरुद्ध पक्षांचे; त्यामुळे राज्याचं मत बाद. ३५ फेऱ्या अशाच गेल्या. ३६ व्या फेरीला, १७ फेब्रुवारी १८०१ ला, मॉरिस मतदानाला आलाच नाही आणि व्हर्माँट लायनच्या मताने जेफरसनकडे गेलं. त्याच फेरीत मेरीलँडही वळलं, एकूण राज्यं १० झाली. म्हणजे लायनचं मत आधीच्या ३५ फेऱ्यांतही तेच होतं, हलला तो मॉरिस.

मेपलची_फांदी
बरोबर. एक राहिलंच. नंतर तो केंटकीला गेला, तिथूनही निवडून आला, आणि १८२२ मध्ये अर्कान्सासला वारला. तो हजार डॉलरचा दंड काँग्रेसने व्याजासकट परत केला १८४० साली, वारसांना.

वहीतला_पिंपळ
भाच्याला दहापैकी सात गुण कळवले. बैलांची गोष्ट त्याला माहीत नव्हती.