स्टोअरचा विरोध ही जोखीम की पूर्वसूचना?

मिरज-कुपवाड : ‘ईआरपी (साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक-प्रणाली) फसते ती जुन्या कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे, म्हणून जोखीम-नोंदवहीत तो सर्वांत वर लिहावा’ हे कृष्णाकाठ यांचे कालचे विधान वाचून गप्प बसवले नाही. आमच्या कारखान्यात मास्टर डेटा (प्रत्येक वस्तूची मूळ नोंद) भरताना ६२०५ बेअरिंगला एकच कोड दिला गेला. स्टोअरकीपर काकांच्या वहीत मात्र ‘६२०५ रबरी’ आणि ‘६२०५ पत्रा’ अशा दोन ओळी होत्या, कारण दोन्हींचे माप २५, ५२, १५ मिलिमीटर असे सारखेच असले, तरी फाउंड्रीच्या धुळीत पत्र्याचे झाकण टिकत नाही. काकांनी तीनदा सांगितले. नोंद झाली ती ‘स्टोअरचे सहकार्य नाही’ अशी. गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, स्क्रीनवर बारा नग शिल्लक होते, रॅकवर रबरी एकही नव्हते आणि मशीन दोन पाळ्या बंद राहिले.

कृष्णाकाठ : काकांबद्दल आदर आहे, पण एका बेअरिंगवरून सिद्धान्त मांडू नका. लिडल या जर्मन किराणा-साखळीने सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये सॅप कंपनीच्या ईआरपीचा प्रकल्प सोडला. साठ्याचे मूल्य खरेदी किमतीने धरण्याची पद्धत त्यांना बदलायची नव्हती, म्हणून ते सॉफ्टवेअरच बदलत गेले. हा विरोध नव्हे तर काय?

मिरज-कुपवाड : तो निर्णय व्यवस्थापनाचा होता. त्याचे खापर स्टोअरवर फोडू नका!

ऊसकरी : तारखेचे कोणीच बोलत नाही. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या मागणीच्या तोंडावर, नवी प्रणाली सुरू केली आणि माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. आम्हाला तारीख मिळाली ती गाळप सुरू होण्याच्या आठवड्यातली. वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली, वजनपावती निघेना, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून शेतकऱ्याचे वजन घटत राहिले. जुनी काटा-प्रणाली महिनाभर समांतर ठेवा, असे मी लेखी मागितले होते.

कृष्णाकाठ : समांतर प्रणाली ठेवली की लोक जुन्यातच नोंदी करतात आणि नवी कधीच रुळत नाही. हे मी तीन ठिकाणी पाहिले आहे.

ऊसकरी : तुम्ही ते कार्यालयात पाहिले असेल. रात्री दोन वाजता काट्यावर उभे राहून हेच वाक्य गाडीवानाला ऐकवा.

कृष्णाकाठ : आवाज चढवू नका. बेअरिंगचा मुद्दा मान्य करतो. यापुढे ‘विरोध’ न लिहिता आक्षेप कोणाचा, कशावर आणि उत्तर काय दिले, हे लिहीन. समांतर प्रणाली मात्र मला मान्य नाही.

ऊसकरी : मग गो-लाइव्ह गाळप संपल्यावर ठेवा, आणि तारखेवर काटा-क्लार्कची सही घ्या.