शब्द नसलेलं सिनेमासंगीत: सुरुवात कुठून करू?

कानाडोळा:
मंडळी, सल्ला हवा आहे. आजवर सिनेमाची फक्त गाणी ऐकली. मुखडा, अंतरा, गीतकार, कोणत्या कडव्याआधी कुठली बासरी, सगळं तोंडपाठ. पण गाणं संपल्यावर पडद्यामागे जे वाजत असतं त्याकडे कधी कान दिला नाही.

मागच्या महिन्यात घरी 'जॉज' लावला. सुरुवातीलाच एक मुलगी रात्री समुद्रात पोहायला उतरते. मी बघतोय. पाणी आहे, मुलगी आहे, हातपाय हलताहेत, आणि मला चक्क जांभई आली. लोक याला एवढे का घाबरले म्हणे? मग लक्षात आलं की बाजूच्या दोन्ही स्पीकरच्या वायरी निघाल्यात. मधला तेवढा चालू, त्यामुळे संवाद येताहेत आणि संगीत जवळपास गायब. वायरी खोचल्या, प्रसंग मागे नेला, पुन्हा लावला. या वेळी सोफ्यावर बसल्या बसल्या पाय वर घेतले.

तर आता हे नीट ऐकायचं आहे. थीम कोणत्या, संगीतकार कोणते, आणि सिनेमा बघत ऐकायचं की नुसतं? पेटी बऱ्यापैकी वाजवतो, पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही. गाणी सुचवू नका प्लीज, ती आहेतच. आणि नुसतं 'हान्स झिमर ऐक' एवढंच लिहून पळू नका, का ते सांगा.

खर्जातला:
वायरीचे आभार माना. लाखाचा धडा फुकटात मिळाला.

'जॉज'पासूनच सुरू करू, पेटी आहेच समोर. काळी एक-दोन विसरा. पांढरी एक सा धरा आणि खालच्या सप्तकात शुद्ध ग आणि शुद्ध म, एवढेच दोन स्वर आलटून पालटून वाजवा. आधी मोठा श्वास सोडून एकदा, मग दोनदा, मग न थांबता. झाली थीम. जॉन विल्यम्सने पियानोवर हे वाजवून दाखवलं तेव्हा स्पीलबर्गला वाटलं, गडी थट्टा करतोय. १९७५ च्या त्या सिनेमात यांत्रिक शार्क मासा सारखा बिघडायचा, त्यामुळे तो फार दाखवताच आला नाही. मासा दिसत नाही तिथे हे दोन स्वर येतात. लय वाढली की मासा जवळ आला, एवढं आपल्याला कोणी न सांगता कळतं.

विल्यम्सचंच दुसरं टोक बघायचं तर 'ई.टी.'चा (१९८२) शेवट. सायकलींचा पाठलाग ते निरोप, हा सगळा भाग चित्राच्या बरोबरीने वाजवताना वाद्यवृंदाचा मेळ काही बसेना. स्पीलबर्गने पडद्यावरचं चित्रच बंद करायला लावलं आणि मैफलीत वाजवतोस तसं मोकळं वाजव म्हणाला. नंतर त्या ध्वनिमुद्रणाप्रमाणे सिनेमाचं संकलन पुन्हा केलं. एरवी नेहमी उलटं होतं, शिंप्याने माप घ्यावं तसं संगीतकार चित्राचं माप घेतो. हा शेवट डोळे मिटून ऐका, लगेच जाणवेल की इथे कोणी कोणाला आवळलेलं नाही.

तिसरी_घंटा:
खर्जातला यांना +१, पण विल्यम्सच्या आधी बर्नार्ड हरमन. हा माझा हट्ट समजा.

'सायको' (१९६०) मध्ये फक्त तंतुवाद्यं आहेत. ना पितळी वाद्यं, ना बासरी, ना ढोल. कृष्णधवल सिनेमाला संगीतही तसंच दोन रंगांचं. न्हाणीघरातला प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. तिथे हिचकॉकला संगीतच नको होतं. हरमनने तरी लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं.

पण मी सांगेन तो प्रसंग त्याच्या बराच आधीचा. पैसे चोरलेली बाई गाडी चालवतेय. बस, एवढंच. समोर रस्ता, अंधार, नंतर पाऊस. आवाज बंद करून बघा, कोणी कामावरून घरी चाललंय असं वाटेल. आवाज लावा, की व्हायोलिनचा तो टोचरा ठेका सुरू होतो आणि वायपरसुद्धा अंगावर येतात. चित्रात भीती दाखवणारं काहीही नाही, सगळी बाहेरून आणून ओतलेली आहे. तुमचा वायरीचा प्रयोग इथे मुद्दाम करा.

हरमनचं शेवटचं काम 'टॅक्सी ड्रायव्हर'. ध्वनिमुद्रण संपवून झोपला आणि २४ डिसेंबर १९७५ ला झोपेतच गेला. त्यातला सॅक्सोफोन रात्री एकट्याने ऐकू नये, किंवा मग रात्री एकट्यानेच ऐकावा.

जुनी_कॅसेट:
एन्नियो मोरिकोने हा इटालियन संगीतकार अजून कुणी कसा काढला नाही?

१९६६ चा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'. कोल्ह्याच्या कुईसारखी ती छोटीशी लकेर तीन माणसांना वाटून दिली आहे. एकाला बासरी, दुसऱ्याला ओकारिना (मातीचं फुंकवाद्य असतं), तिसऱ्याला माणसांचे आवाज. लकेर तीच, वाद्य बदललं की माणूस बदलला. ही तर पेटीवर दोन मिनिटांत बसेल.

त्यानंतर १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. दिग्दर्शक सर्जियो लिओने आणि मोरिकोने लहानपणी एकाच वर्गात होते. या सिनेमाच्या मुख्य थीम चित्रीकरणाआधीच तयार होत्या आणि लिओने त्या सेटवर वाजवायचा. नट त्या लयीत चालतात, वळतात, बघतात. त्यात एक माणूस माउथ ऑर्गन वाजवतो. वाजवतो म्हणण्यापेक्षा त्यातून कण्हतो. तो असा का कण्हतो ते शेवटी कळतं, आणि मी ते इथे लिहिणार नाही.

मग 'द मिशन' (१९८६). जंगलात एक पाद्री एकटा बसून ओबो वाजवतो, आजूबाजूला धनुष्यबाण घेतलेले लोक. ही थीम ऐकून कोरडा राहिलात तर धागा बंद करू. तिला ऑस्कर मिळालं नाही, याचा राग मी अजून धरून आहे. २००७ मध्ये मानद दिलं आणि स्पर्धेतलं मिळालं थेट २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, 'द हेटफुल एट'साठी.

अर्धी_मात्रा:
'गॉडफादर' राहिला. नीनो रोटा. ऑस्करविजेतं संगीत, पेटीवर सुंदर वाजतं.

तिसरी_घंटा:
@अर्धी_मात्रा, पहिल्या भागाला ऑस्कर नाही हो. नामांकन मिळालं होतं, पण प्रेमाची जी थीम आहे ती रोटाने १९५८ च्या 'फॉर्चुनेला' या इटालियन सिनेमात आधीच वापरली होती, हे उघड झालं आणि नामांकन काढून घेतलं. तिकडे ती चाल द्रुत आणि मिश्कील होती. गंमत म्हणजे दुसऱ्या भागाला १९७५ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि त्यात ती थीम आहेच. त्यात कार्माइन कोपोला भागीदार.

अर्धी_मात्रा:
धन्यवाद, दुरुस्ती मान्य. तीच चाल द्रुत केली की विनोदी आणि विलंबित केली की खानदानी दुःख, हे मात्र पेटीवर करून बघण्यासारखं आहे.

चालींच्या पुनर्जन्मावरून आठवलं. जेम्स बाँडची थीम. माँटी नॉर्मनने व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'वरून होऊ घातलेल्या संगीतनाटकासाठी एक गाणं केलं होतं. नाटक उभं राहिलं नाही, चाल पडून होती. १९६२ च्या 'डॉ. नो'साठी ती काढली, जॉन बॅरीने वाद्यमेळ बांधला, व्हिक फ्लिकने गिटार वाजवली. म्हणजे बाँडसाहेबांचं मूळ त्रिनिदादच्या भारतीय कुटुंबात निघालं. खरं श्रेय कोणाचं यावर पुढे कोर्टकचेरीही झाली, ते असो.

पटदीप:
धागा चांगला आहे, पण सगळी विमानं बाहेरच उतरताहेत. जरा इकडे या.

'पथेर पांचाली' (१९५५), संगीत पंडित रविशंकर. त्यांच्याकडे वेळ नव्हता. जवळपास अख्खी रात्र बसून एकाच बैठकीत काम उरकलं. कमी पडलेले काही तुकडे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी स्वतः सतारीवर वाजवून भरले. एवढ्या घाईत झालेलं हे काम आहे.

आता तो प्रसंग. (सिनेमा बघितला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी आलाय. पावसाने घर पडलंय. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, आणि मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. मुलगी गेलीय हे त्याला माहीत नाही. सर्वजया साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आहे, वरच्या सप्तकात, राग पटदीप. तिचं तोंड उघडं आहे आणि आवाज तारेतून येतोय. खरं रडणं ठेवलं असतं तर आपण तिच्याकडे बघितलं असतं. इथे बघवत नाही. माझ्या सदस्यनामाचा उगम हाच.

यापुढचं भराभर सांगतो. सलील चौधरींचा 'कानून' (१९६०), एकही गाणं नाही, त्यामुळे तुमच्या अटीत चपखल. रहमानची 'बॉम्बे' थीम (१९९५), नवीन कुमार यांची बासरी. ती नुसती ऐकली तरी चालते. वनराज भाटियांचं श्याम बेनेगलांसाठीचं काम. हा माणूस पॅरिसला नादिया बुलांजें या संगीतशिक्षिकेकडे शिकून आला होता. आणि मराठीत भास्कर चंदावरकर. 'सामना' (१९७५) लोक एका गाण्यासाठी लक्षात ठेवतात, पण तो गाणं सोडून ऐका.

जुनी_कॅसेट:
'सैराट' पण लिहा की. परदेशी वाद्यवृंद, हॉलिवूडमधलं ध्वनिमुद्रण!

पटदीप:
धागाकर्त्याने गाणी नकोत म्हटलंय. शिवाय त्या सिनेमात मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो शेवट, आणि तिथे संगीतच नाही. लहान मुलाची पावलं, बस.

पडद्यामागे:
पटदीप यांनी दार उघडलंच आहे तर शांततेबद्दल. मी ध्वनिसंकलनात आहे, त्यामुळे थोडी पोटतिडीक समजून घ्या.

संगीतकाराबरोबर पहिली बैठक होते तेव्हा निम्मा वेळ संगीत कुठे नको यावरच जातो. हिचकॉकचा 'द बर्ड्स' (१९६३) बघा. नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाहीच. पक्ष्यांचे आवाज ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केले आणि सल्लागार कोण, तर हरमन! कोएन बंधूंचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) घ्या. कार्टर बर्वेलचं नाव श्रेयनामावलीत आहे, पण संगीत शोधावं लागतं.

आमच्या धंद्यातला एक रोगही सांगतो, टेंप ट्रॅक. संकलन चालू असताना तात्पुरतं म्हणून कुठलं तरी जुनं संगीत लावतात. दिग्दर्शक तीन महिने तेच ऐकतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. मग संगीतकाराला सांगतात, अगदी असंच हवं, पण वेगळं. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) ॲलेक्स नॉर्थने नवं संगीत लिहून दिलं होतं. कुब्रिकने शेवटी आधी लावलेल्या शास्त्रीय रचनाच ठेवल्या. आपलं संगीत वगळलंय हे नॉर्थला सिनेमा बघतानाच कळलं. मी एका कामात हे फार जवळून बघितलंय. त्या संगीतकाराचा चेहरा अजून आठवतो, नाव नाही घेत.

आणि झिमरला एवढं हिणवू नका. 'इंटरस्टेलर'च्या (२०१४) वेळी दिग्दर्शक नोलनने त्याला गोष्ट सांगितलीच नाही. बाप आणि मूल यांच्याबद्दल एक पान लिहून दिलं, आणि म्हणाला, यावर काहीतरी वाजव. अवकाशाचा सिनेमा आहे हे नंतर कळलं. पुढे लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन वापरला. ऑर्गन हवेवर चालतो, पेटीसारखाच, त्यामुळे तुम्हाला तो लवकर आपला वाटेल. अंतराळवीरांचा जीव ज्या गोष्टीवर अवलंबून, तीच त्या वाद्याच्या पोटात.

अलीकडचं एकच नाव देतो, हिल्दुर गुडनाडोत्तिर. 'जोकर'चे (२०१९) मुख्य तुकडे तिने पटकथा वाचून चेलोवर आधीच केले. खुनानंतर तो स्वच्छतागृहात नाचतो ना, ते पटकथेत नव्हतं. सेटवर तिचा चेलो लावला आणि वाकीन फीनिक्स हलायला लागला.

ऐकायची रीत विचारलीत. प्रसंग आधी आवाज बंद करून, मग चित्र न बघता, मग दोन्ही. तिन्ही वेळा तेवढाच तुकडा, चार मिनिटांच्या वर नको. अल्बम नंतर.

खर्जातला:
अल्बमच्या बाबतीत असहमत. जपानी संगीतकार जो हिसाईशी मी सिनेमे न बघताच दोन वर्षं ऐकला. 'टोटोरो' (१९८८) नंतर बघितला तेव्हा ओळखीच्या घरी गेल्यासारखं झालं. ज्याला जसं जमेल तसं.

कानाडोळा:
वाखू (वाचनखूण) साठवली आहे, सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचा हिशोब देतो.

'सायको'ची गाडी आवाज बंद करून बघितली. बायको म्हणाली, ही कुठे निघालीय आणि आपण का बघतोय? आवाज लावल्यावर तिने स्वतःहून दिवा लावला. 'मिशन'ला कोरडा राहिलो नाही, धागा चालू ठेवा. कोल्ह्याची लकेर पेटीवर बसली, आता शेजारचं पोरगं खिडकीतून तीच मारतंय.

'पथेर पांचाली' काल रात्री बघितला. पटदीप, तुमचा परिच्छेद आधीच वाचला होता, तरी काही उपयोग झाला नाही. आज सकाळी तो तुकडा पेटीवर काढायला बसलो. स्वर सापडले, कोमल ग, शुद्ध नी, सगळे जागेवर आहेत, पण ते रडणं काही येत नाही. पट्टी दाबली की स्वर सरळ उभाच राहतो.

पटदीप:
नाही येणार. तारशहनाई म्हणजे इसराजच, आवाज फेकायला वर भोंगा लावलेला. सगळा खेळ दोन स्वरांमधल्या मिंडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचा, आणि पेटीला मींड नाही. कुणाकडे इसराज किंवा दिलरुबा असेल तर तासभर मागून आणा. तोवर तो तुकडा गाऊन बघा, शब्दांशिवाय, आ-कारात.